सरस्वतीपुढच्या हॉकी स्टिका

४ जानेवारी, रविवार
पुण्याच्या साप्ताहिकाला लेख पाठवला. विषय : हॉकीत पदक आलं की अख्खा देश कसा नाचतो, आणि स्टिक धरताना कुठला हात वर असतो हे त्या देशाला कसं ठाऊक नसतं. जेवताना ओवीला वाचून दाखवला. हसलीच नाही.
"आई, तू फक्त लिहिते. आमच्या शाळेचा ग्राउंड चार नंतर रिकामा असतो. टुपुर गेटच्या बाहेर उभी राहून बघते. तिला आत घे ना."
वय तेरा. जन्म इथला, मराठी मोडकं, नेम अचूक.
टुपुर म्हणजे गल्लीच्या तोंडाशी ब्लाउज शिवणाऱ्या शंपाची मुलगी. झाडूच्या दांड्याने प्लास्टिकचा चेंडू विटांच्या तुकड्यांमधून नेते. पाहिलंय मी. त्यावरही लिहिणारच होते.

८ जानेवारी
शाळेत गेले. मुख्याध्यापिका मिसेस नंबियार. घरून टोमणे तयार करून नेले होते, एकही वापरता आला नाही. बाई सरळ हो म्हणाल्या! हबकले. माणसाने भांडायला जावं आणि समोरच्याने खुर्ची द्यावी, हा काय प्रकार.
अट एकच. थोरले ट्रस्टी जुन्या वळणाचे. त्यांना एकदा आमच्या गल्लीतल्या क्लबची मुलं आणि शाळेची मुलं नीट, शिस्तीत खेळताना दिसली पाहिजेत. दिसली की मंगळवार-गुरुवार संध्याकाळी गेट उघडं. तारीख २४, शनिवार, सकाळी आठ. दुसऱ्या दिवशी ते मुलीकडे जाणार, म्हणून तीच. वर, "स्टोअरमधल्या जुन्या स्टिका घेऊन जा, नाहीतरी उंदीर खातायत."
संध्याकाळी क्लबात. आमच्या बागबाजारच्या क्लबात दोन खेळ चालतात, कॅरम आणि दुर्गापूजेचा हिशेब. सेक्रेटरी भोंबोल-दा (यापुढे भों-दा, लिहायला सोपं).
"काय बर्गी-बौदी, शेवटी घोड्यावरून उतरून काठी घेतलीत?"
बौदी म्हणजे बंगालीत वहिनी, बर्गी म्हणजे मराठे घोडेस्वार. आमचे पूर्वज इथे लुटायला येत, तेव्हा गावाच्या या टोकापासून खंदक खणला होता म्हणे. तेव्हाची वसुली भों-दा माझ्याकडून दर आठवड्याला करतो.
क्लबतर्फे परवानगी. शिवाय त्याच्या भाच्याची दोन मुलं.

११ जाने.
आयांची सभा. आया शून्य. दुपारी शंपाच्या दुकानात मीच गेले.
"गुडघे फुटतील. उन्हात काळी पडेल. आणि गणित?"
मी म्हटलं, खेळाने डोकं चालतं वगैरे. माझं मलाच पुस्तकी वाटलं.
मशीन न थांबवता म्हणाली, "बौदी, तुमची ओवी नापास झाली तरी तिचं काहीतरी होईल. माझीचं?"
ब्लाउजचं कापड तिच्याकडे टाकलं आणि घरी आले.

१३ जाने.
शंपाला द्यायचं उत्तर दोन दिवसांनी, आज आंघोळीत सुचलं. क्लबात सरस्वतीपूजा होणारच. मुलं देवीच्या पायाशी पुस्तकं ठेवतात, गाणारे हार्मोनियम ठेवतात. मग स्टिका का नाही? आयांना हॉकी म्हणजे उनाडकी वाटते ना, मग तिला विद्या करून टाकू.
भों-दा खूश. "माझा मामा तबला ठेवायचा. तोही काठीनेच मार खाऊन शिकला होता."
शंपाला सांगितलं, "विद्याच आहे ही. देवीपुढे मांडणार आहोत."
मशीन थांबलं. "देवीपुढे मांडणार?"
"हो."
"मग टुपुर येईल."
इतक्यात पटली! माझ्या चार परिच्छेदांना जे जमलं नाही ते एका वाक्याने. संध्याकाळपर्यंत इतर आयांचेही होकार. शंपाने सांगितलं असणार. मी स्वतःवर भलतीच खूश. (नोंद : हे लेखात वापरायचं. नावं बदलून.)

१७ जाने.
नदीकाठच्या बंद गोदामाच्या आवारात सराव. ओवी शिकवते. "चपटी बाजू! चपटी बाजूनेच मार!" टुपुरला दोनदा सांगावं लागत नाही. चेंडू स्टिकला चिकटून आल्यासारखा, मग अंग एकीकडे आणि चेंडू दुसरीकडे, समोरचा मुलगा तिसरीकडे.
शंपा आली होती. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. मुलीने तिसऱ्याला चकवलं तेव्हा टाचण्या ओठातून काढून हातात घेतल्या.
मुलं चोवीस तारखेवाचून दुसरं बोलत नाहीत. त्यातल्या एकानेही शाळेचं गवत आतून पाहिलेलं नाही.

२३ जाने., सरस्वतीपूजा
सगळ्यांचे कपडे पिवळे, गल्ली पिवळीजर्द. आज पुरोहित मिळणं म्हणजे निवडणुकीत टॅक्सी मिळणं. आमचे ठाकुरमोशाय येत होते, तर पलीकडच्या क्लबच्या पोरांनी सायकलीसकट उचलून नेले. भों-दाने जाऊन सोडवून आणले. शाळेची पूजाही त्यांच्याकडेच, तिथले लोक दारात ताटकळत उभे.
स्टिका देवीच्या पायाशी, हळद-कुंकू, झेंडूच्या माळा. टुपुरने आपल्या स्टिकवर कपाळ टेकवलं. चेष्टा म्हणून काढलेली कल्पना, आणि हे.
आपल्याकडे खंडेनवमीला हत्यारं पुजतात आणि दसऱ्याला घेऊन निघतात. तसंच उद्या. भों-दा म्हणतो, सकाळी सहाला ठाकुरमोशाय येऊन दही-पोह्यांचा नैवेद्य दाखवतील, पाच मिनिटांचं काम, मग स्टिका उचला.

२४ जाने.
काय लिहू.
सहाला आले नाहीत. सातला नाहीत. फोन लागला तर दमदमला कुठल्या तरी सोसायटीत, "हे आटपलं की आलोच". साडेसात. मुलं अंघोळी करून रांगेत उभी. देवी समोर. तिच्या पायाशी स्टिका.
मी पुढे झाले, एक उचलायला हात घातला.
"बौदी!"
शंपा. असा आवाज मी तिचा कधी ऐकला नव्हता.
"अगं, आठ वाजतायत. देवी काय रागावणार आहे? आमच्याकडे पूजा झाली की हत्यार उचलूनच निघतात."
"म्हणून तर खंदक खणावा लागला," भों-दा. कुणी हसलं नाही, तोही नाही.
शंपा माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "पूजा उठेपर्यंत पुस्तकाला हात लावत नाहीत. तुम्हीच म्हणालात ही विद्या आहे. मग हात कसा लावायचा? की ते नुसतं मला पटवायला होतं?"
इतकी वर्षं लोकांना निरुत्तर करून पोट भरलं. आज नुसता हात मागे घेतला. मुलांकडे पाहिलं. एकाही मुलाने हात पुढे केला नाही. टुपुरने हात मागे बांधून घेतले होते.
तसेच निघालो, रिकाम्या हातांनी. म्हटलं, शाळेच्या स्टिका उसन्या मागू, अर्ध्या-अर्ध्या वाटून घेऊ.
गेटातून आत पाहिलं. शाळेची टीमही रिकाम्या हातांनी उभी! आमची कल्पना ओवीने खेळाच्या सरांना सांगितली होती. त्यांनीही झाडून सगळ्या स्टिका शाळेच्या सरस्वतीपुढे. पुरोहित तेच. दमदमला.
मिसेस नंबियार रागावल्या असतील म्हणून मी झालेलं सांगत माफी सुरू केली, तर त्या शंपाकडे बघत म्हणाल्या, "बरोबर केलंत. आमच्या केरळात नवरात्रात पुस्तकं ठेवली की विजयादशमीच्या सकाळपर्यंत कुणी शिवत नाही."
त्या दोघी एकीकडे. सगळ्या मैदानात धक्का बसलेली बाई एकच, मी.
ट्रस्टी पांढऱ्याशुभ्र धोतरात खुर्चीवर. बशीतल्या मिठाईतले दोन संदेश खाल्ले. घड्याळ पाहिलं. उठले. "मी हॉकी पाहायला आलो होतो. हॉकी दिसली नाही. ट्रस्टच्या सभेत तेवढंच सांगेन." आणि गेले. एक शब्द जास्त नाही. यालाच म्हणतात चांगलं लिहिणं.
मुलांना ते गेल्याचं कळलंही नाही. दोन्हीकडची मिसळून खो-खो खेळत होती. टुपुर खेळत नव्हती. चपला काढून गवतातून नुसती या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत होती.
ठाकुरमोशाय बारा वाजता आले. खरंच पाच मिनिटांचं काम होतं. तोवर शाळेचं गेट बंद.

२७ जाने., मंगळवार
मिसेस नं.चा फोन. ट्रस्टींचा निरोप : पुढच्या वर्षी पाहू. "मला वाईट वाटतं," म्हणाल्या. खरंच वाटत होतं, त्यामुळे भांडताही आलं नाही.
ओवी म्हणाली, टुपुर आज चारला गेटबाहेर येऊन उभी होती. स्टिक घेऊन. तिला कुणी सांगितलंच नव्हतं. तेवढं सांगून ओवीने माझ्याशी बोलणं सोडलं. पुण्याहून संपादकांचा फोन, पुढचा लेख कुठाय. म्हटलं, तब्येत बरी नाही.

२९ जाने.
शंपाकडे ब्लाउज आणायला गेले. तयार होऊन समोर टांगलेला. तरी "उद्या या."

१ फेब्रुवारी
आज ब्लाउज घेऊन शंपा स्वतःच दारात. बसली नाही.
"पुढच्या वर्षी म्हणजे काय, बौदी? देवीपुढे मांडलेली विद्या वर्षभर बांधून ठेवतात का?"
"अगं, मी सांगितलं त्यांना..."
"आणि दोनच दिवस का मागितलेत? गणित रोज असतं."
हिला आम्ही पटवलं होतं?
गुरुवारी सगळ्या आया ट्रस्टींच्या घरी जाणार. ते मुलीकडून परत आल्याची खबर यांच्याकडे आधीच. मी बरोबर चलायचं, घर मला ठाऊक म्हणून. मी विचारलं, काय बोलायचं ते लिहून देऊ का? "नको," म्हणाली. फार पटकन म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार
ट्रस्टींच्या घराबाहेरच्या ओट्यावर बसून लिहितेय. जुनं तिमजली घर, हिरव्या झडपांच्या खिडक्या. आया ठेवणीतल्या साड्या नेसून आल्यात. एकीच्या कडेवर तान्हं. मुलं समोरच्या फुटपाथवर, टुपुर स्टिकवर हनुवटी टेकून दाराकडे बघत.
मीही उठले होते आत जायला. शंपाने दंडाला हात लावून थांबवलं, हळूच, इतर बायकांना दिसू नये असा.
"तुम्ही इथेच बसा, बौदी. तुम्ही बोललात की माणसाला कळत नाही, खरं कुठलं आणि गंमत कुठली."
बसले.
दार लागून बराच वेळ झाला. आत चहाचे कप वाजले. मग शंपाचा आवाज, एकसारखा, न थांबता. मध्ये दुसऱ्या दोघींचा. मग पुन्हा तिचाच.
ट्रस्टींचा आवाज अजून आलेला नाही.