उघड्या टाळूची जुई

मी, श्रीपाद जयंत देवस्थळी, वय ५७, राहणार मयूर विहार, दिल्ली, हे शुद्धीत आणि स्वतःच्या हाताने लिहीत आहे. सोमवारी माझ्या हृदयावर शस्त्रक्रिया आहे. वकील लावलेला नाही. चार मृत्युपत्रे वाचून मसुदा मीच केला. कुत्र्यांची पैदासही असाच शिकलो, पुस्तक आणि शब्दकोश शेजारी ठेवून.

१. फ्लॅट व बँकेतील ठेवी पत्नी विनया हिला.

२. गाझियाबादची जागा, जेथे बावीस वर्षे मी पॉमेरेनियन वाढवले, मुलगा साकेत याला. पैदाशीसाठी तेथे एकही मादी ठेवू नये. ठेवल्यास जागा विनयाची.

३. माझा सोनाराचा काटा एका ग्रॅमनेही चुकत नाही. त्यावर तोलून प्रत्येक वेतातले सर्वांत हलके पिल्लू मी ठेवले आणि त्याची जोडी हलक्याशीच लावली. लोकांना कपात मावणारे कुत्रे हवे होते. नऊ पिढ्यांत ते मी करून दाखवले. त्याचा अभिमान होता, हे लपवत नाही. मात्र अशा मादीला आपले आपण विता येत नाही, पोट कापावे लागते. सात माद्या टेबलावरच गेल्या. काटा मोडून टाकावा. कोणाला देऊ नये, तो उत्तम चालतो.

४. नोएडाच्या रुचिता भसीन यांना सोबतचे बंद पाकीट द्यावे. पिल्लू घेताना त्यांनी विचारले होते, "भैया, सिर पर ये नरम-सा क्या है?" मी म्हणालो, "टाळू है, तीन महीने में भर जाएगी." इतक्या लहान कुत्र्यांची बहुधा भरत नाही, हे मला ठाऊक होते. पिल्लू सोफ्यावरून उडी मारताना डोक्यावर पडून मेले. फोनवर त्या रडत होत्या आणि मी म्हणालो, "आपने ध्यान नहीं रखा." पाकिटात एवढेच आहे: चूक तुमची नव्हती.

५. नवव्या पिढीतली मादी जुई कायद्याने माझी वस्तू आहे, म्हणून तिच्याबद्दल येथे लिहिता येते. वय दोन वर्षे, वजन एक किलो ऐंशी ग्रॅम, टाळू उघडी. साकेत म्हणतो, "बाबा, एकच बॅच. मग बंद, पक्का."

"बॅच नाही, वेत म्हणतात. आणि नाही."

"अच्छा, मग नऊ पिढ्या कशाला केल्यात?"

याचे उत्तर म्हणून हे कलम. जुई विनयाकडे राहील. तिची जोडी कधीही लावू नये. विनया रोज तिच्या टाळूला तेल लावते, साकेत तान्हा असताना त्याला लावायची तसेच, आणि म्हणते, "भरेल हो." विनया, ती भरणार नाही.

जोड: साक्षीदारांना हे वाचून दाखवत असताना विनयाने थांबवले. "माहीत आहे मला. या मोघे डॉक्टरांना कधीच विचारलंय."

"मग तेल कशाला?"

"तिला बरं वाटतं. जुईला मी सांभाळते, पण माझीही एक अट. ते पाकीट तुम्ही गेल्यावर नाही, आज द्यायचं. स्वतः जाऊन. हे दोघं बसतील तोवर चहाला."

ते बसले. रुचिताबाईंनी दारातच पाकीट फोडले, आतला कागद दोनदा वाचला, माझ्याकडे न बघता दार लावले. कागद त्यांनी ठेवून घेतला.

म्हणून कलम ४ एका रेघेने खोडले आहे, वाचता येईल असे. रेघेवर माझी सही आहे. बाकी कलमे कायम.

श्रीपाद जयंत देवस्थळी (सही)

साक्षीदार: डॉ. जयदीप मोघे, पशुवैद्य (सही)
संग्राम शितोळे, शेजारी (सही)

मयूर विहार, दिल्ली
शनिवार, ८ फेब्रुवारी २०२५