विहीणबाईंचा रविवार

२ नोव्हेंबर, रविवार

आला! विहीणबाईंचा मेसेज. बारा ओळी, सगळ्या इटालियन. दिवाळीआधी त्यांनीच सुरुवात केली – "मी तुमच्या लेकीची, निकिताची होणारी सासू. मला इंग्रजी समजतं, लिहिता येत नाही. तुम्ही इंग्रजीत लिहा." मग काय, अप्पा बळवंत चौकातून जुना इटालियन-इंग्रजी शब्दकोश आणला. मराठीचा कुठेच मिळाला नाही. म्हणजे आधी इटालियनचं इंग्रजी, मग इंग्रजीचं मराठी. खराडीहून कात्रजमार्गे शनिवार पेठेत आल्यासारखं, उगाच लांबचा वळसा.

अडीच तास गेले. वरणाची फोडणी करपली. कळलं ते असं – लग्न मेमध्ये, त्यांच्याच अंगणात. निकिता दर रविवारी त्यांच्याकडे जेवायला असते.

निकिताने मला अजून लग्नाचं सांगितलेलं नाही. 'ये' तर लांबच. तिचा फोन महिन्याला एक. "बरी आहेस ना? गोळ्या घेतेस ना? ठेवते."

५ नोव्हेंबर

विरंगुळा केंद्रात उल्काबाईंचा इंग्रजीचा वर्ग. ॲडव्हान्स्ड म्हणायचं, आम्ही नऊ जण, सगळे साठीपुढचे. माझी शाळा सातवीत सुटली. पुढचं इंग्रजी इस्पितळात वॉर्डाचं काम करताना, औषधांच्या खोक्यांवरची अक्षरं लावत शिकलेलं.

आज पॅसिव्ह व्हॉइस. उल्काबाई म्हणाल्या, "कुणी केलं ते सांगायचं नसलं की फार सोयीचं. सरकारी पत्रं बघा."

मी वहीत लिहिलं – चार वर्षांपूर्वी एक जाहिरात दिली गेली. मग खोडलं.

९ नोव्हेंबर, रविवार

विहीणबाई विचारतात, गुडघा कसा आहे? गोड बाई. त्यांना गुडघ्याचं मी कधी लिहिलं, आठवत नाही. वय झालं.

१२ नोव्हेंबर

आज जाहिरातींची भाषा. साबण, आंबे, फ्लॅट. रंगनाथराव म्हणाले, "हा बिल्डर म्हणतो, स्टेशनपासून पाच मिनिटं. कुणाची पाच मिनिटं हो?" उल्काबाई – "हेलिकॉप्टरवाल्याची."

घरचा अभ्यास – घरातली एखादी जुनी जाहिरात घ्या, तिच्यातलं खोटं काढा, उरेल ते इंग्रजीत लिहा.

माझ्याकडे एकच कात्रण आहे. कपाटात, साड्यांखाली.

१३ नोव्हेंबर

'बौद्ध, बी.ई., वय २९, निमगोरी, निर्व्यंग, गृहकृत्यदक्ष मुलीसाठी अनुरूप स्थळ हवे.'

हे मी छापायला दिलं. निकिताला न विचारता. निर्व्यंग! सहा वर्षांची असल्यापासून तिच्या डाव्या कानाला मशीन आहे. शाळेत जाताना मीच तिची वेणी घालायचे, मशीनला धक्का न लावता.

आणि पाहुणे आले त्या दिवशी मीच म्हणाले, "केस मोकळे सोड, कान झाकेल."

तिने सोडले. पोहे दिले, कप उचलले. तीन महिन्यांत इटलीतली नोकरी घेऊन गेली. तेव्हापासून प्रत्येक फोटोत केस मोकळे.

१७ नोव्हेंबर

अभ्यास झाला. इंग्रजीत लिहिलं, इथे मराठीत उतरवून ठेवते –

माझी मुलगी. वय तेहतीस. डाव्या कानाला मशीन. स्वयंपाक येत नाही, शिकायचाही नाही. भांडली की तीन दिवस अबोला. कुकरची शिट्टी तिला ऐकू यायची नाही, पण मी जिन्यात दमून थांबले की पिशवी घ्यायला खाली यायची. तिच्यासाठी कुणी शोधायचं नाहीये. फक्त सांगायचं होतं. आधीची खोटी जाहिरात मी दिली होती. हीसुद्धा मीच देते आहे.

१९ नोव्हेंबर

उल्काबाईंनी दोनदा वाचलं. चष्मा पुसला.

"चंद्रभागाबाई, चार चुका आहेत. राहू द्यात. पण हे मला काय दाखवता? जिचं आहे तिला पाठवा."

"धीर होत नाही हो."

"मग शब्दकोश कशाला आणलात? उशाला घ्यायला?"

बसमध्ये डोळे पुसले. कंडक्टरने तिकीट न विचारताच पुढचा रस्ता धरला.

२२ नोव्हेंबर

निकिताला पाठवायला गेले, बोट अडलं. विहीणबाईंना पाठवलं. खाली लिहिलं – निकिताला सांगू नका. मी कसली आई आहे, ते तुम्हाला लग्नाआधी कळावं, एवढंच.

२३ नोव्हेंबर, रविवार

मेसेज नाही.

२६ नोव्हेंबर

वर्गाला गेले नाही. त्या भल्या बाईलाही मी गमावलं बहुतेक. शब्दकोश कपाटावर टाकला.

३० नोव्हेंबर, रविवार

विहीणबाईंचा मेसेज. स्टुलावर चढून शब्दकोश काढला. लागला नाही. मराठीत आहे.

"आई, त्यांना डोळ्यांनी नीट दिसत नाही. तुझं सगळं मीच त्यांना वाचून दाखवते, त्या सांगतात ते मीच लिहिते. पहिल्यापासून. गेल्या रविवारी तुझी जाहिरात वाचायला घेतली, पुढे वाचवेना. लग्नात केस वर बांधायचेत. बांधायला ये."