माझ्या नावानं गेलेली उत्तरं

प्रिय ताई,

आज नोकरी सोडली. आपल्या श्रवणयंत्रांच्या सेंटरची किल्ली तुमच्या निखिलच्या टेबलावर ठेवली आणि भवानी पेठेतून चालत घरी आले. घरी अजून कुणाला सांगितलेलं नाही. आधी तुम्हालाच सांगायला हवं, कारण कानाचं काम मला तुम्ही शिकवलंत आणि ते सॉफ्टवेअरही तुम्हीच आणलंत.

त्याचा राग आहे मला. तुम्ही जगातूनच निघून गेलात, त्यामुळे भांडताही येत नाही. मशीनचा आवाज पेशंटच्या कानाला जुळवण्याचं काम एआय करेल, आपण पेशंटशी बोलत बसू, असं म्हणाला होतात ना? काम ते चांगलंच करतं. बाजारातल्या गोंगाटातून समोरच्याचं बोलणं असं वेगळं काढतं, की मला ते हातानं कधीच जमलं नसतं. पण वाचलेला वेळ पेशंटला मिळेल, हे तुम्हाला कुणी सांगितलं होतं?

तुमच्यामागे निखिलनं कान तपासणाऱ्या दुसऱ्या ऑडिओलॉजिस्टला कामावरून काढलं. मला मशीन विकायला काउंटरवर बसवलं. तक्रारी मोबाइलच्या ॲपवर गेल्या आणि त्यांना एआय उत्तरं देऊ लागलं. त्या उत्तरांखाली नाव कुणाचं जातं, हे मला ठाऊक नव्हतं.

वळसंगच्या इरव्वा आठवतात? तुम्ही पहिल्यांदा मशीन लावलंत तेव्हा स्वतःच्याच आवाजाला दचकून, "मी एवढ्यानं वरडती व्हय?" म्हणाल्या होत्या त्या.

एका सकाळी त्यांचा डावा कान अचानक बंद झाला. सुनेनं ॲपवर लिहिलं. लगेच उत्तर आलं, डावीकडचा आवाज वाढवला आहे. फरक पडेना म्हणून तिनं पुन्हा लिहिलं, पुन्हा आवाज वाढला. कान एकाएकी गेला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे पाठवायचं, हे तुम्ही मला अगदी सुरुवातीलाच बजावलं होतंत. त्या दोघींना ते कोण सांगणार होतं?

सेंटरवर आल्या तोवर बरेच दिवस उलटले होते. तपासलं, तर डाव्या कानाला काहीच ऐकू येत नव्हतं. इतके दिवस का थांबलात, असं मी विचारलं.

"तुमीच तर उत्तर देत हुता की मॅडम," सून म्हणाली. "खाली तुमचं नाव हुतं."

तिनं मोबाइल पुढे केला. 'काळजी करू नका. आपली संगीता.'

कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे मी स्वतः त्यांना घेऊन गेले. लगेच आणलं असतं तर आशा होती, असं ते म्हणाले. औषधं देऊन पाहिली. कान परत आला नाही.

निखिलला मी दोनच गोष्टी मागितल्या. माझं नाव काढ, आणि अशी तक्रार माणसानं वाचायची सोय कर. नाव त्यानं माझ्यासमोर काढून टाकलं. दुसऱ्या गोष्टीला नाही म्हणाला. त्यासाठी पगारी माणूस लागतो, आणि ॲपनं आपलं काम केलंच होतं, असं त्याचं म्हणणं. मुलाला एवढं शिकवलंत, ताई, एखादा दिवस पेशंटसमोर का नाही बसवलंत?

काल वळसंगला गेले. इरव्वांच्या उजव्या बाजूला बसून सावकाश सगळं सांगितलं. ती उत्तरं मी लिहिली नव्हती, यंत्रानं लिहिली होती. वाटलं, चिडतील, शिव्या देतील. त्यांनी उजव्या कानातलं मशीन काढलं आणि माझ्या हातात ठेवलं.

"ह्येबी न्या," म्हणाल्या. "ह्यात कोण बोलतंय, मला काय ठावं?"

मी समजावत राहिले. पण मशीन काढल्यावर त्यांना माझं काहीच ऐकू येत नव्हतं.

तुम्ही असता तर काय केलं असतंत? कदाचित तुमचंही त्यांनी ऐकलं नसतं. मला मात्र तिथं पुन्हा पुन्हा जायचंय. इरव्वा मशीन परत घेईपर्यंत जाईन, नाहीच घेतलं तर कानाशी तोंड नेऊन बोलेन. पुढे जिथं काम मिळेल तिथंही एआय असणारच, आणि मी ते वापरीन. पण कान गेला म्हणून कुणी हाक मारली, तर ओ मी देईन. एवढा शब्द देते.

तुमच्यावर रागावलेली, तुमचीच
संगीता