जहाजावरचं एक नाक

तीर्थरूप केवळाआत्यास,

हरिओमचा साष्टांग नमस्कार. (जहाज हलत असल्यामुळे तो जरा तिरपा पोचेल, सांभाळून घे.) चाकूरला सगळे खुशाल असतील, तुझा गुडघाही कुरकुरत नसेल, असं धरून चालतो. मी मजेत आहे. गेल्या आठवड्यात माझ्या हातून युद्धनौका बंद पडली, तेवढं सोडलं तर.

त्याचं असं झालं. आमच्या जहाजावर पूर्वी दीडशे माणूस होतं. आता यंत्रं बसवली आणि चाळीसच उरलो. पंप आपोआप, दारं आपोआप, आग विझवणंही आपोआप. आणखी कोण कमी करता येईल हे बघायला तीन साहेब आले आणि त्यांचं पहिलं बोट माझ्यावरच. स्वयंपाक्याच्या जागी पाकिटं गरम करणारं यंत्र बसवायचं घाटत होतं. म्हटलं, जाता जाता यांना तू कुटून दिलेल्या येसर मसाल्याची आमटी तरी खाऊ घालू. पण आत्या, तू मला येसर शिकवलंस ते लग्नाच्या पंगतीत, पाचशे पानांच्या मापानं. (कमी माणसांचं माप आपल्या घरात कुणाला येतं?) मी त्याच मापाची फोडणी दिली.

धूर उठला. यंत्राला वाटलं, जहाज पेटलं. त्यानं इंजिन बंद केलं, भोंगे वाजवले आणि पोलादी दारं लावून घेतली. पूर्वीच्या दीडशेत कुणीतरी वास घेऊन म्हणालं असतं की आमटी आहे, झोपा. आता हुंगायला माणूसच नाही. दीड तास मी, स्वयंपाकघर तपासायला आलेले तीन साहेब आणि पातेलं असे आत कोंडलेलो. दुसरा उद्योग नव्हता म्हणून ते जेवले, नाक पुसत तीन-तीन वाट्या. मोठे साहेब मुज्तबा निघाले आपल्याकडच्या हिमायतनगरचे. मी हात जोडून म्हटलं, "साहेब, आता काढायचं तर काढा." ते म्हणाले, "कशाला? यंत्राला नाक न्हाई. जहाजावर एक नाक लागतंच की. वाढ अजून." तसाच अहवाल गेला आणि मी राहिलो. खरं सांगतो, मला रडू आलं. (येसराचं वेगळं.)

तुझा,
हरिओम

ता. क. यंत्रवाल्यांनी किलोभर येसर मागवलंय. यंत्राला तो वास शिकवणार आहेत. शिकलं की माझं नाक घरी. तेव्हा शेजारच्या जगदेवीकाकूचं पाठव, त्याला वासच नसतो. (काकूला कारण सांगू नकोस.)

आणखी ता. क. मुज्तबासाहेबांसाठी मात्र तुझंच, वेगळ्या डब्यात. डब्यांवर नावं नीट लिही. अदलाबदल झाली, तर पुढचं येसर कुटायला मीच चाकूरला असेन.