भांडी घासायच्या वड्या

आई, आज पुन्हा वड्या फुगल्या. मुलाने घरात भांडी धुवायचं मशीन आणलंय, आणि त्यात टाकायच्या वड्या घरीच करायचं मी मनावर घेतलंय. धुण्याचा सोडा, मीठ आणि लिंबूसत्व कोरडंच कालवायचं, वरून पाण्याचा नुसता हबका मारायचा आणि बर्फाच्या ट्रेमध्ये दाबून बसवायचं. सांगायला एवढंच. पण पाणी लागलं की सोडा लिंबूसत्वावर उठतो, सगळं फसफसून ट्रेबाहेर येतं, आणि वाळल्यावर वडी उचलावी तर हातात भुगा. आजचा भुगा ओट्यावरून गोळा करताना मला तुझा राग आला. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी राग शिळा होत नाही.

सोलापूरच्या आपल्या त्या दोन खोल्यांत तू दिवसभर विड्या वळायचीस. मांडीवर सूप, सुपात तंबाखू, आणि मध्येच तोंडाला पदर लावून खोकणं. बाबा गिरणीत. मी अकरावीत. दुष्काळाच्या त्या वर्षांत जळण मिळेना, तेव्हा चाळीत एकेक करून रॉकेलचे स्टोव्ह आले आणि चुली थंडावल्या. चूल गेली तशी राखही गेली. भांडी कशाने घासायची म्हणून बायका कुरकुरायला लागल्या, आणि तुला त्यात वाट दिसली. बाबा जेवता जेवता हसले, म्हणाले, "विड्या सोडून आता वड्या का?"

"हसा की," तू म्हणालीस. "तंबाखू तुमच्या छातीत न्हाय जात."

बाबांनी मान खाली घालून पुढचा घास घेतला. वड्या जमल्या पाहिजेत हे त्यांना आणि मलाही तेव्हाच कळलं.

तू साबण किसायचीस, त्यात सोडा आणि विटेची वस्त्रगाळ पूड घालायचीस, गरम पाण्यात घोटून डब्याच्या झाकणात थापायचीस. पत्र्यावर वाळत घातल्या की निम्म्यांना भेगा. प्रमाण विचारलं तर म्हणायचीस, "हाताला कळतंय." हाताला काहीच कळत नव्हतं, आई. रोज वेगळी वडी व्हायची. तुझी बोटं सोलवटून लाल झाली होती, आणि त्या बोटांनी विड्यांचा दोरा बांधताना तू ओठ आवळायचीस. मी शाळेत शिकले होते, म्हणून सांगितलं की सोड्याने जर्मनची भांडी काळी पडतात. ॲल्युमिनिअमला तेव्हा सगळे जर्मनच म्हणायचे, आणि चाळीत निम्मी भांडी त्याचीच होती. तू माझ्याकडे न बघता म्हणालीस, "पुस्तकात भांडी घासत्यात व्हय? जा, पानं भिजवून ठेव."

मग शेजारच्या बाई दारात उभ्या राहतात. त्यांचं सगळं घर मागावर साड्या विणणारं, घरात तेलुगू, आपल्याशी मराठी. लेकीच्या लग्नात द्यायला त्यांनी नवी पातेली आणून ठेवलेली. हातात त्यातलंच एक, तुझ्या वडीने घासलेलं, आतून काळंशार. त्या ओरडत नाहीत, आणि त्यामुळे मला जास्त भीती वाटते.

"अक्का, हे बघा की. लेकीचं हाय."

तू पातेलं हातात घेतेस, उन्हाकडे धरून फिरवतेस. मला वाटतं, आता तरी माझ्याकडे बघेल. तू म्हणतेस, "तुमच्या पाण्यात क्षार लई हायत." आणि लगेच फडताळातून चिंचेचा गोळा काढतेस, पदर खोचतेस आणि त्यांच्या मोरीवर जाऊन बसतेस. दुपार कलेपर्यंत एकेक पातेलं चिंचेच्या पाण्यात उकळून घासत होतीस. एका शब्दाने चूक कबूल केली नाहीस. परत आलीस ती खोकतच. मी पाणी दिलं. तू प्यायलीस, भांडं खाली ठेवलंस आणि म्हणालीस, "उद्या सोडा न्हाय घालायचा." जणू हे तुला आत्ताच सुचलं. मला तेव्हा इतका संताप आला की मी बाहेर जाऊन उभी राहिले. मला फक्त एवढंच हवं होतं, की तू म्हणावंस, पोरी, तू सांगितलं होतंस.

पुढे बेकरीवाल्या चाचांच्या भट्टीतली राख चाळून आणायला लागलीस, त्यात रिठ्याचं पाणी. या वड्यांना भेगा पडल्या नाहीत. सगळी चाळ घ्यायची. तू मरेपर्यंत तुला वाटत राहिलं की हे काम आणखी वाढलं असतं, तर विड्या सुटल्या असत्या. सुटल्या नाहीत. सूप शेवटच्या दुखण्यापर्यंत मांडीवरच होतं.

तुझ्या दिवसांना त्या शेजारच्या बाई आल्या होत्या. जाताना मला दाराशी घेऊन हळूच म्हणाल्या, "तुझ्या आईच्या वड्यांनी तेलकट काय निघायचं न्हाय गं. आमी फोडून राखच करायचो. पण अक्काला कोण सांगणार? विड्या सोडायच्या हुत्या की तिला." मी मान डोलावली. घरात बाबा बसले होते, त्यांनाही सांगितलं नाही.

हे तुला कळवण्यात आता काय अर्थ आहे? कळलं असतं तर तू त्यांच्या पाण्यालाच दोष दिला असतास. म्हणून हा कागद घडी करून ठेवतेय, पाठवायचा कुठे हा प्रश्नच नाही. एक मात्र लिहिते. मागच्या खेपेच्या वड्या बऱ्यापैकी धरल्या होत्या, त्या डब्यात भरून मी खालच्या मजल्यावरच्या बाईंना दिल्या. त्यांच्याकडेही मशीन आहे. परवा जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, छान आहेत हो. मी पुढे काही विचारलं नाही.