मिस हॉलिसच्या तोंडचं वाक्य

५ मे १९९७, सोमवार

"मिस, या सिनेमात तुम्ही कोण आहात?"

माझ्या वर्गातल्या केतुराचा प्रश्न. खोली माझी, फळा माझा, आठवीची ही अठ्ठावीस पोरं माझी. पोरं सिनेमातही हीच, पण तिथं या वर्गाला शिकवायला मिस हॉलिस येणार आहे — गोरी, हडकुळी, पहिल्याच दिवशी पावसात भिजलेली. तिच्याआधी म्हणे इथं कुणी शिकवतच नव्हतं! साऱ्या नॉर्थ फिलाडेल्फियात, आमच्या या काळ्यांच्या वस्तीत, सिनेमावाल्यांना आमचीच शाळा आवडली. "भिंती छान सोललेल्या आहेत," म्हणाले.

केतुराला म्हटलं, "मी मदत करणार आहे." ती म्हणाली, "कुणाला?"

६ मे

खिडकीबाहेर परांची बांधून त्यांनी मोठे दिवे लावलेत. सकाळचे नऊ आणि माझ्या वर्गात पिकलेली, मधासारखी संध्याकाळ! खडूची धूळसुद्धा सोन्याची दिसत होती. मी दारात उभी राहिले आणि हलूच शकले नाही.

अकरा वर्षांची असताना असलाच एक सिनेमा टीव्हीवर पाहिला होता. जमिनीवर बसून, मांडीवर कॉर्नफ्लेक्सचा वाडगा. दूध कोमट झालं, फ्लेक्स विरघळले, मला पत्ता नाही. त्याच दिवशी ठरवलं — शिक्षिका व्हायचं. आईला हे कधी सांगितलेलं नाही. तिला वाटतं मी तिच्या प्रार्थनेमुळे झाले.

मागच्या बाकावरून केतुरा म्हणाली, "आम्ही दिसतो का इथून?" कॅमेरेवाला हसून म्हणाला, "थोडेसे." उजेड मिस हॉलिसच्या चेहऱ्याला बेतलेला आहे. वाढवला तर तिचा चेहरा पांढराफट्ट होतो. मग मागच्या तीन रांगांनी अंधारात बसायचं, आणि डोळे तेवढे चमकवायचे.

७ मे

पहाटे तेच स्वप्न. मी वर्गात शिरते, गोंगाट हळूहळू विरतो, कुठूनतरी पियानो. मी फळ्यावर नाव लिहिते आणि सगळे माझ्याकडे बघतात. कितीदा पडलंय हे! आज पहिल्यांदा खडू धरलेला हात पाहिला. गोरा होता.

८ मे

मला काम मिळालं! बोलीची सल्लागार! कीथ — दिग्दर्शक तोच, लेखकही तोच — स्वतः कॉफी घेऊन आला. माणूस चांगला आहे, सगळ्यांची नावं लक्षात ठेवतो. म्हणाला, "मुलांची वाक्यं फारच नीट झालीत गं. कानाला खरी वाटत नाहीत. जरा मोडून दे ना."

रिकाम्या वर्गात बसले, लाल पेन्सिल घेतली. मी इथं शिकत असताना याच मजल्यावर, खोली क्रमांक २०९ मध्ये, मिसेस पेटिफर्डनी माझ्या वहीतल्या चुका अशाच लाल पेन्सिलीनं काढल्या होत्या. मी आज सतरा घातल्या.

९ मे

आईला पानं वाचून दाखवली. भांडी विसळता विसळता ऐकत होती.

"हा पोरगा पडलाबिडलाय का डोक्यावर?"

"अगं, आपल्याकडचाच आहे तो. सिनेमातला."

"आपल्याकडं असं कोण बोलतं? मला एक माणूस दाखव!"

खरंच आहे. आमच्या घरच्या बोलीत 'आत्ता कामावर आहे' आणि 'नेहमीच कामावर असतो' यांना वेगवेगळं क्रियापद आहे. आईची त्यात कधी चूक होत नाही. कीथनं ते क्रियापद मीठ भुरभुरावं तसं कुठंही टाकलंय, आणि त्यावर माझ्या सतरा. हे शाळेतलं बोलणं नाही नि घरातलंही नाही. हे फक्त सिनेमातलं.

तरी आई खूष. दवाखान्याच्या धुलाईखात्यात सगळ्या बायकांना सांगून आली — माझी पोर सिनेमावाल्यांना बोलायला शिकवते!

११ मे, रविवार

मदर्स डे. आईच्या छातीवर लाल फूल, कारण आजी अजून आहे; मिसेस पेटिफर्डच्या पांढरं, त्यांची आई गेलेली. चर्चच्या पायऱ्यांवर त्यांनी गाठलं.

"शार्लीन, तू त्या लोकांना मदत करतेस म्हणे. कशात?"

"भाषेत."

"वा! छान."

मी त्यांच्या टोपीकडे बघत राहिले. जांभळी आहे. एक पीस सारखं वाऱ्यानं हलत होतं.

१३ मे

सिनेमात एक मिसेस ग्राइम्स आहे. म्हातारी, काळी, तीस वर्षं या शाळेत. मिस हॉलिसला नाउमेद करणं एवढंच तिचं काम. कीथ म्हणाला, "हिची वाक्यं लाकडी होतायत. अशी बाई खरोखर काय बोलेल?"

आणि मी सांगितलं. पटकन. शाबासकी मिळेल म्हणून.

फेब्रुवारीत एकदा शाळा सुटल्यावर मी वर्गात बसून रडत होते. सहा मुलं सोडून सगळी नापास. मिसेस पेटिफर्ड आल्या, काही विचारलं नाही, माझा कोट आणून खांद्यावर घातला. म्हणाल्या, "घरी जा आता. ही पोरं कुठं जात नाहीत. उद्याही इथंच असतील." त्या वाक्यावर मी उरलेलं वर्ष काढलं. पोरं माझी वाट बघतील, असा त्याचा अर्थ होता.

कीथनं ते दोनदा स्वतःशी म्हणून पाहिलं. "सोनं आहे हे!" एक अक्षर बदललं नाही. फक्त समासात लिहिलं — कडवटपणे.

१४ मे

ही पोरं कुठं जात नाहीत. कडवटपणे म्हणून पाहिलं, बसमध्ये, ओठांतल्या ओठांत. बसतं. अगदी बरोबर बसतं — ही कधी पुढं जाणारच नाहीत. तेच तर!

१६ मे

आज तो प्रसंग होता. मिसेस ग्राइम्सचं काम करणाऱ्या मिस रोझेटा रंगपटात चहा पीत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं — फेब्रुवारी, कोट, ते शब्द कसे उच्चारले होते. त्यांनी ऐकून घेतलं. "चाळीस वर्षं झाली, पोरी. नर्स झाले, मोलकरीण झाले, मास्तरीण झाले. कायम दारात उभी. आज निदान बसायला खुर्ची दिलीय. बघू या."

पहिल्या वेळी त्यांनी ते हळुवार म्हटलं. कीथ म्हणाला, "छान, आता जरा जहर घाला." दुसऱ्यांदाही हळुवारच. तिसऱ्यांदा तर त्यांनी मिस हॉलिसच्या दंडावर हात ठेवला. दिवे लावणारा माणूससुद्धा नाक पुसत होता. मला वाटलं, झालं! वाक्य घरी आलं!

कीथ म्हणाला, "हे इतकं सुंदर आहे, की हिच्या तोंडी वाया जातंय. हे मिस हॉलिसला देऊ."

मिस रोझेटांनी चष्मा काढला, पुसला, खिशात ठेवला. "खुर्ची परत घेऊन जा म्हणावं," मला म्हणाल्या, आणि हसल्या. मी हसले नाही.

१९ मे

मिस हॉलिसनं ते म्हटलं. समोर केतुरा रडतेय, सिनेमात तिला धाकट्या पोरांना वाचायला शिकवणं जमत नाही म्हणून, खिडकीतून ती मधासारखी संध्याकाळ, आणि मिस हॉलिस तिच्या खांद्यावर कोट घालते — कोटही मीच सांगितला होता — घरी जा आता. ही पोरं…

मी रडले! सगळं माहीत असून रडले. खोटं असतं तर बरं झालं असतं. ती ते फार सुरेख म्हणते.

नंतर केतुरा डोळे पुसत आली. "मिस, हे तर पेटिफर्डबाईंचं! आठवड्यातून दोनदा तरी म्हणतात त्या, कुणी ना कुणी मिस रडतच असते. या लोकांना कसं कळलं?"

मी म्हटलं, घंटा झाली, पळ.

२० मे

साडेपाचला खोली २०९. मिसेस पेटिफर्ड वह्या तपासत होत्या. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. मिसेस ग्राइम्स, समास, मिस हॉलिस, कोट. ऐकून त्यांनी पेन्सिल खाली ठेवली.

"फेब्रुवारीत? मला आठवत नाही गं. असेन म्हणाले."

"ते तुमचं होतं. मी न विचारता दिलं."

"वाक्यच तर आहे ते. त्या हॉलिसबाईवर कधी खरंच शिकवायची वेळ आली तर उपयोगी पडेल." हसल्या. मला इतकं हलकं वाटलं की मी बाकावर बसले. मग त्या म्हणाल्या, "आमच्या पोरांना वेड्यासारखं कोण बोलायला लावतंय? काल केतुरा ओळी पाठ करत होती. विचारलं, हे कुठलं बोलणं? म्हणाली, माझं. सिनेमात मी असं बोलते."

"मी."

"काय मी?"

"त्या चुका मी घातल्या. सतरा. नंतर आणखी."

खिडकीत खरं ऊन होतं, मळकट, बिनरंगी. त्या माझ्याकडे बघत नव्हत्या.

"एकोणतीस वर्षं मी काढत आले," त्या म्हणाल्या, "आणि तू दोन आठवड्यांत परत घातल्यास. तुझ्याकडं वेग आहे, शार्लीन."

पुढची वही उघडली. मी निघाले. घरी जा असंसुद्धा म्हणाल्या नाहीत.

२१ मे

आणि आज कीथ म्हणतो, पुढच्या सिनेमाला कॅलिफोर्नियाला चल! "तुझा कान म्हणजे देणगी आहे." ऑक्टोबरपासून. दिवसभर डोळ्यांपुढे ताडाची झाडं, इथल्या दिव्यांसारखं ऊन. शाळेतली माझी नोकरी एका वर्षाचीच, पुढं ठेवतील की नाही कुणास ठाऊक. आईनं शेजारणीकडून सूटकेस मागून आणलीसुद्धा. चाकं आहेत तिला. स्वयंपाकघरात मागं-पुढं फिरवून बघत होती.

फक्त एका कागदावर सही हवी आहे. शुक्रवारपर्यंत. सल्लागारानं दिलेले सर्व शब्द तिचे स्वतःचे आहेत आणि यापुढे कंपनीचे. वकील म्हणाला, साधी रीत आहे, सगळेच करतात.

२२ मे

पहाटे स्वप्न नाही. छताकडे बघत पडून राहिले. स्वयंपाकघरातून सूटकेसच्या चाकांचा आवाज येतोय असं वाटत होतं, पण तो रस्त्यावरचा होता.

२३ मे, शुक्रवार

सही केली नाही. दुपारीच कागद परत दिला. सहीच्या जागी लिहिलं — कोट घालतानाचं वाक्य मिसेस एलोईझ पेटिफर्ड, खोली क्रमांक २०९, यांचं आहे, त्यांना विचारा. मुलांच्या बोलण्यातल्या चुका मात्र सगळ्या माझ्या स्वतःच्या आहेत.