शनिवारची कॉपी

३ फेब्रुवारी, सोमवार
नगरच्या एमआयडीसीतल्या दूध डेअरीत आज रुजू झाले. झकास! पुण्याच्या एसटीचा जाच संपला. आता रोज संध्याकाळी घरी, माझ्या पाच वर्षांच्या लेकीजवळ, पूजाजवळ. इथल्या कॉम्प्युटरवर डेअरीचा कारभार दोनदा आहे: एक लाइव्ह, म्हणजे खरा, दुसरी टेस्ट, म्हणजे चुका करायला त्याचीच नक्कल. दोन्हींचे डेटाबेस लिंकनं जोडायचे, हे माझं काम. दर शनिवारी टेस्ट पुसून लाइव्हची ताजी कॉपी तिच्यावर टाकतात. कॅन्टीनच्या गोजरबाईंनी विचारलं, "नवीन का वो तुमी? चा लई गोड चालंल ना?" चालला. चांगला दोन कप चालला.

४ फेब्रुवारी, मंगळवार
लिंक जुळली! तपासायला दुसऱ्याला कशाला त्रास, म्हणून हजेरीतली माझीच नोंद, अंगठ्यासकट, लाइव्हमधून टेस्टमध्ये पाठवली. संध्याकाळी गेटचं मशीन अंगठा घेईना. म्हणे, मी आधीच बाहेर गेलेय. वॉचमन सहादेव म्हणाला, मशीनपुढं त्याचंबी काय चालत न्हाई. मुक्काम केबिनमध्ये. वैताग नुसता.

५ फेब्रुवारी, बुधवार
गोजरबाईंनी पुन्हा विचारलं, नवीन का. चेष्टा वाटली. पण सहादेवही म्हणाला, मला काल संध्याकाळीच पहिल्यांदा पाहिलं. रात्री घरी फोन केला. माझा नवरा सुनील चिडून म्हणाला, कोण बोलतंय, दिपाली तर इथं पूजाला भरवतेय. मागून आवाज आला. माझाच.

६ फेब्रुवारी, गुरुवार
कळलं. ही टेस्ट आहे. इथली माणसं गेल्या शनिवारच्या कॉपीतली, मी रुजू झाले सोमवारी; मला कशी ओळखतील? मंगळवारी घरी गेली ती खरी दिपाली. मी नक्कल. मग पूजाची एवढी आठवण का येते? रडू आवरत नाही. परवा मला पुसतील.

७ फेब्रुवारी, शुक्रवार
लिंक उलटी फिरवली आणि या वेळी नक्कल न करता नोंदीच हलवल्या तर मी तिकडं — ती इकडं. पुसली जाईल ती. वाईट आहे, माहीत आहे. मला घरी जायचंय.

८ फेब्रुवारी, शनिवार
दाबलं. मी इथंच — लिंक मीच एकतर्फी बांधली होती, फक्त लाइव्हमधून टेस्टकडं. लिंकनं मला नेलं नाही —
खऱ्या दिपालीला इकडं आणलं. समोर उभी आहे. सुनील कामावर, म्हणते. दूध गॅसवर. पूजा एकटी — दाराला आतून कडी —
ती गेट बडवतेय. शनिवारची कॉपी सुरू झाली, टेस्ट पुसली जातेय. सहादेव नाही. कॅन्टीन नाही —
फोन लागला. पूजानं उचलला. मी सांगतेय, बाळा, गॅसजवळ जाऊ नको, आधी स्टूल घे, कडी —